शाळेतली आरोग्य तपासणी: बालरोगतज्ज्ञांना हे काम कुणी शिकवतं का?

रानजाई
नमस्कार. मी बालरोगतज्ज्ञ आहे. सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी अकरा वर्षं दवाखाना चालवते. गेल्या आठवड्यात गावातल्या एका इंग्रजी माध्यमाच्या शाळेतून फोन आला. "मॅडम, वार्षिक तपासणी करून द्या. पहिली ते सातवी, ४२० मुलं. शनिवारी, आठ ते साडेअकरा." मी हो म्हटलं. हिशोब नंतर केला. २१० मिनिटं, ४२० मुलं. एकेकाला अर्धं मिनिट.

वजन-उंची शाळेनं आधीच लिहून ठेवली होती. मुलं रांगेनं येत होती. आ कर, जीभ दाखव, श्वास घे, पुढे चल. कार्डावर दात, डोळे, त्वचा, हृदय असे रकाने होते आणि मी 'नॉर्मल, नॉर्मल' लिहीत गेले. चौथीतल्या एका मुलाच्या छातीला स्टेथोस्कोप लावला तेव्हा ठोक्यांच्या मध्ये काहीतरी वेगळं ऐकू आल्यासारखं वाटलं. पण नेमकी मधली सुट्टी झाली, दाराबाहेर सगळा गलका. मी कार्डावर प्रश्नचिन्ह काढलं आणि पुढच्या मुलाला बोलावलं.

घरी आल्यावर मला जेवण गेलं नाही. ते कार्ड आता ४२० कार्डांच्या कुठल्या गठ्ठ्यात आहे, मला माहीत नाही.

एमडीच्या तीन वर्षांत मी कमी दिवसांच्या बाळांना जगवायला शिकले, मेंदूज्वर ओळखायला शिकले. शाळेत जाऊन काय करायचं असतं, कुणाशी बोलायचं असतं, सापडलेल्या मुलाचं पुढे काय करायचं असतं, हे मला कुणी शिकवलं नाही. इथं शिक्षक आहेत, पालक आहेत, काही डॉक्टरही आहेत. शाळेत बालरोगतज्ज्ञानं नेमकं काय करावं असं तुम्हाला वाटतं? मनापासून विचारते आहे.

कोयनाकाठ
वाचतोय. आमच्या लहानपणी तपासणी म्हणजे नखं आणि डोक्यातल्या उवा. आदल्या रात्री अख्खी आळी कंदिलाशी नखं कापत बसायची. एकदा माझ्या धाकट्या भावानं फक्त उजव्या हाताची कापली, कारण मागच्या वेळी डॉक्टरांनी उजवाच हात बघितला होता.

फळाखडू
रानजाईताई, तुम्ही हे विचारलंत याबद्दल आधी आभार.

मी जिल्हा परिषद शाळेत २२ वर्षं शिकवते आहे. डॉक्टर येतात, मुलं बघतात, रजिस्टरवर सही करतात, चहा घेतात, जातात. सगळी माणसं चांगली असतात, घाईत असतात. पण २२ वर्षांत एकाही डॉक्टरनं मला विचारलेलं नाही की "बाई, तुम्हाला या वर्गातल्या कुणाची काळजी वाटते?"

मी ती मुलं रोज पाच-सहा तास बघते. फळ्यावरचं न बघता शेजारच्याच्या वहीतून कोण उतरवतं, मला माहीत आहे. मी फळ्याकडे तोंड करून बोलले की कुणाला कळत नाही आणि त्याच्याकडे बघून बोलले की कळतं, तेही माहीत आहे. पाठ दुखते म्हणून खेळाच्या तासाला कोण बसून राहतो, पोषण आहाराचा भात घरी धाकट्या बहिणीसाठी कोण डब्यात भरतं, सोमवारी सकाळी कुणाचे डोळे सुजलेले असतात. यातलं काहीही अर्ध्या मिनिटात दिसणारं नाही. पण मला विचारलंत तर पाच मिनिटांत मी तुम्हाला सात-आठ नावं देईन.

माझं उत्तर एवढंच आहे. आधी शिक्षकांकडे बसा, मग मुलांकडे.

फिरतं_पथक
फळाखडूबाईंना +१, आणि थोडं आमच्या बाजूनंही.

मी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या, म्हणजे आरबीएसकेच्या पथकात वैद्यकीय अधिकारी आहे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. हा कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्या पालघरमधून सुरू झाला. जन्मापासून १८ वर्षांपर्यंतची मुलं. जन्मजात व्यंग, आजार, जीवनसत्त्वांची वगैरे कमतरता आणि वाढ-विकासातला उशीर, अशा चार गटांत आम्ही बघतो. तालुक्यात गाडी फिरते, गाडीत दोन आयुष डॉक्टर, एक पुरुष आणि एक स्त्री, शिवाय नर्स आणि औषधनिर्माता. अंगणवाडी वर्षातून दोनदा, शाळा एकदा.

रानजाई मॅडम, तुमच्या त्या शाळेत आम्ही का आलो नाही? कारण आमच्याकडे सरकारी आणि अनुदानित शाळा आहेत. विनाअनुदानित खासगी शाळा यादीत नाहीत. लोकांना वाटतं फी भरणाऱ्या मुलांची काळजी कुणीतरी घेतच असेल. प्रत्यक्षात त्या मुलांकडे पद्धतशीर बघणारं बहुधा कुणीच नसतं.

आता बालरोगतज्ज्ञ कुठे लागतो, ते सांगतो. दोन वर्षांपूर्वी सहावीतली एक मुलगी. गुडघे सुजले, ते उतरले, मग घोटा सुजला. घरच्यांनी 'वाढीचं दुखणं' म्हणून तेल लावलं. आम्हाला हृदयाचा आवाज संशयास्पद वाटला, रेफरल चिठ्ठी दिली. जिल्हा रुग्णालय ७० किलोमीटर. आईवडील ऊसतोडीला. चिठ्ठी दप्तरात राहिली, पावसात भिजली. पुढच्या वर्षी आम्ही गेलो तेव्हा ती दोन जिने चढू शकत नव्हती. संधिवाताच्या तापानं झडपेवर परिणाम झाला होता. तिला दर तीन आठवड्यांनी पेनिसिलीनचं इंजेक्शन मिळायला हवं होतं आणि मिळालं नव्हतं.

आम्ही शोधून काढलं होतं. ती चिठ्ठी धरून पुढे चालणारं कुणी नव्हतं. तालुक्यात एक बालरोगतज्ज्ञ जरी आमचा फोन उचलणारा असता तरी ते वर्ष वाया गेलं नसतं. हे लिहिताना आजही हात जड होतो.

स्पष्टबोल
मी थोडं कडवट लिहितो, राग मानू नका. माझ्या मुलीच्या शाळेत दरवर्षी तपासणी होते. तिचे पैसे फीमध्ये लावलेले असतात. एका वर्षी एका रुग्णालयाची माणसं आली आणि वर्गातल्या बहुतेक मुलांच्या कार्डावर 'दात: उपचार आवश्यक' असं लिहून खाली स्वतःचा फोन नंबर छापून गेली. आम्ही दुसरीकडे दाखवलं. दातांना काही झालेलं नव्हतं. मुलगी आठवडाभर आरशासमोर तोंड उघडून रडत होती.

शाळा जाहिरातीत लिहिते, 'तज्ज्ञ डॉक्टरांकडून तपासणी'. रानजाई, तुम्ही प्रामाणिक आहात हे दिसतंय. पण तुमच्या त्या शनिवारचा उपयोग मुलांपेक्षा शाळेला झाला, असं माझं मत आहे.

रानजाई
राग नाही. तुमचं म्हणणं खरं आहे. मी पैसे घेतले नाहीत, पण शाळेच्या सूचनाफलकावर दुसऱ्याच दिवशी माझं नाव आणि पदवी लागली होती. ज्या मुलांच्या कार्डावर मी 'नॉर्मल' लिहिलं, त्यांच्या पालकांनी तो शब्द खरा मानला असेल. हेच मला खातंय.

फिरतं_पथक, त्या मुलीबद्दल वाचून सुन्न झाले. तुमचा नंबर मला खासगी निरोपातून पाठवा. फोन मी उचलेन.

रात्रपाळी
मी बालरोगशास्त्राच्या एमडीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मॅडमनी लिहिलेलं आजही तसंच आहे. आमचं वर्ष नवजात अतिदक्षता, बालअतिदक्षता, वॉर्ड, ओपीडी असं फिरतं. शालेय आरोग्य एमबीबीएसला पीएसएमच्या, म्हणजे रोगप्रतिबंधक आणि सामाजिक वैद्यकशास्त्राच्या, पुस्तकात एक धडा म्हणून भेटलं होतं, परीक्षेला पाच मार्कांची टीप म्हणून लिहिलं, संपलं.

एक दार मात्र आता उघडलंय. पदव्युत्तर विद्यार्थ्यांना तीन महिने जिल्हा रुग्णालयात काढावे लागतात, डिस्ट्रिक्ट रेसिडेन्सी प्रोग्राम. मी नुकताच करून आलो. तिथंही बहुतेक वेळ वॉर्डातच जातो, कारण माणसं कमी असतात. मी हट्टानं दोन दिवस आरबीएसकेच्या गाडीत बसून गेलो.

पहिल्या शाळेत मुख्याध्यापक बाईंनी विचारलं, "डॉक्टर, लोहाच्या गोळीनं मुलांच्या पोटात कळ येते, आई-बाप भांडायला येतात, काय सांगू?" मला व्हेंटिलेटर लावता येतो, पण या प्रश्नाला मी अडखळलो. गाडीतल्या नर्सताईंनी उत्तर दिलं. उपाशीपोटी देऊ नका, पोषण आहाराचं जेवण झाल्यावर सगळ्यांनी एकत्र घ्या, शी काळी होईल तर घाबरू नका, आणि पहिल्या दिवशी बाई, तुम्ही मुलांच्या समोर स्वतः गोळी घ्या. लहान मुलांची गुलाबी, मोठ्यांची निळी, हेही मला तिथंच कळलं. त्या दोन दिवसांत मी जे शिकलो ते माझ्या विभागात मला कुणी सांगू शकलं नसतं.

तीन महिन्यांतले चार दिवस तरी शाळेसाठी सक्तीचे असावेत असं मला वाटतं.

निवृत्त_पीएसएम
तीस वर्षं जनऔषधवैद्यक, म्हणजेच पीएसएम, शिकवलं, म्हणून थोडं मोठं लिहितो आहे.

आपल्या देशात शाळकरी मुलांची पहिली वैद्यकीय तपासणी १९०९ साली बडोद्यात झाली. सयाजीरावांचं बडोदं, म्हणजे मराठी वाचकाला परकं नाही. त्यानंतर १९४६ च्या भोर समितीनं लिहून ठेवलं की शालेय आरोग्यसेवा जवळपास अस्तित्वातच नाहीत. १९६० मध्ये रेणुका राय यांच्या अध्यक्षतेखाली शालेय आरोग्य समिती नेमली, पुढच्या वर्षी तिचा अहवाल आला. म्हणजे काय करायला हवं, हे आपण फार पूर्वी कागदावर आणलं आहे.

आता माझा मतभेद. रानजाई, तुम्ही ४२० मुलं तपासायला जायलाच नको होतं. ते बालरोगतज्ज्ञाचं काम नाही. डोळ्यांची पहिली चाचणी नीट शिकवलेला शिक्षक करू शकतो. तक्ता सहा मीटरवर, एकेक डोळा वेगळा, आणि डोळा तळहातानं झाकायचा; बोटांनी झाकला की मुलं फटीतून बघतात. उंची-वजन क्रीडाशिक्षक घेऊ शकतो, मात्र काट्याचा शून्य रोज तपासायला हवा. तज्ज्ञाचा वेळ तीन गोष्टींना द्यावा. शिक्षकांना काय बघायचं ते शिकवणं, वेगळी काढलेली मुलं शांतपणे बघणं आणि त्या मुलांचा पाठपुरावा. पहिली गोष्ट वर्षातून एक दुपार, दुसरी वर्षातून दोन-तीन सकाळी. तिसरी मात्र वर्षभर चालते आणि नेमकी तीच होत नाही.

न्यूजर्सीकर
निवृत्त_पीएसएम सर, पाठपुराव्यावरून इथली एक जुनी गोष्ट आठवली. न्यूयॉर्कमध्ये १८९७ पासून शाळांत डॉक्टर तपासणीला जायचे. खरूज, डोळे आलेले, उवा, असं काही दिसलं की मुलाला घरी पाठवायचे. मुलं घरीच बसायची, कारण घरी उपचार करणारं कुणी नव्हतं. १९०२ मध्ये लिना रॉजर्स नावाच्या नर्सला चार शाळांत प्रयोग म्हणून नेमलं. त्या मुलांच्या घरी जायच्या, आईला मलम कसं लावायचं ते दाखवायच्या, मूल परत वर्गात आणायच्या. घरी पाठवल्या जाणाऱ्या मुलांची संख्या झपाट्यानं घटली. शालेय परिचारिका हे पद तिथून वाढलं.

आज माझ्या मुलाच्या शाळेत पूर्णवेळ नर्स आहेत. त्याला दमा आहे. बालरोगतज्ज्ञांनी एका पानाची योजना लिहून दिली आहे: हिरवा म्हणजे ठीक, पिवळा म्हणजे हा पंप इतक्या वेळा, लाल म्हणजे थेट आपत्कालीन सेवेला फोन. एक प्रत घरी, एक नर्सकडे. डॉक्टर शाळेत कधीच आलेले नाहीत, पण त्यांचा कागद रोज शाळेत आहे. अशी एका पानाची मराठी योजना आपल्याकडचा कुठलाही बालरोगतज्ज्ञ उद्या सकाळपासून देऊ शकतो. त्याला नर्स लागत नाही, वर्गशिक्षक पुरतो.

ओसाकावासी
जपानमध्ये प्रत्येक शाळेला नेमलेला शाळा-डॉक्टर असतो, दंतवैद्य असतो आणि औषधनिर्माताही असतो. शाळेच्या पाण्याची, हवेची, वर्गातल्या उजेडाची तपासणी तो बघतो. डॉक्टर म्हणजे बहुतेकदा त्याच भागातला दवाखानेवाला. वार्षिक तपासणी जूनअखेर संपवावीच लागते. पहिलीत प्रवेश केला की ईसीजी. आणि दरवर्षी लघवीची तपासणी, १९७४ पासून. मूत्रपिंडाचे आजार लक्षणं दिसायच्या आधी सापडतात म्हणून.

पण मला सगळ्यात आवडते ती आरोग्य खोली. तिथं एक शिक्षिका असतात, त्यांचं काम फक्त मुलांची तब्येत. पोट दुखतंय म्हणून मूल तिथं जातं, पलंगावर पडतं, आणि दहा मिनिटांनी खरं दुखणं सांगतं. माझी मुलगी जपानी येत नव्हतं तेव्हा पहिले दोन महिने रोज तिथं जाऊन बसायची. बाईंनी एकदाही हाकललं नाही.

कोयनाकाठ
अवांतर: लघवीची बाटली दप्तरात घेऊन मुलं शाळेत जातात? आमच्या शाळेत ती कुणीतरी नक्की सांडली असती, आणि मग कुणाची होती यावरून पंचायत बसली असती.

ओसाकावासी
कोयनाकाठ, हाहा. घट्ट झाकणाची इवलीशी बाटली असते, त्यावर नाव. माझी मुलगी पहिल्यांदा घरीच विसरली. मी धावत शाळेत नेऊन दिली, रस्त्यात शेजारणीनं विचारलं काय आहे हातात.

इवलीपणती
मी आतापर्यंत फक्त वाचत होते. आज लिहिते.

माझ्या मुलीला सातव्या वर्षी टाइप १ मधुमेह निघाला. रुग्णालयातून घरी आलो आणि पहिला प्रश्न शाळा. त्या शाळेनं (नाव लिहीत नाही) हमीपत्र मागितलं, 'वर्गात काही झाल्यास शाळा जबाबदार नाही'. सहलीला न्यायचं नाही, खेळात घ्यायचं नाही. मधल्या सुट्टीत इन्सुलिन द्यायला मी रोज बसनं जायचे आणि गेटवरच्या काकांच्या स्टुलावर बसून तिला टोचायचे. पाच महिने.

मग आमच्या बालरोगतज्ज्ञांना कळलं. त्यांनी मला काही विचारलं नाही, थेट मुख्याध्यापकांना फोन करून एका गुरुवारी तासभर मागून घेतला. सगळे शिक्षक, दोन्ही मावशी, बसचे ड्रायव्हर काका, सगळ्यांना बसवलं. ग्लुकोमीटर स्वतःच्या बोटाला टोचून दाखवला. साखर ७० च्या खाली गेली तर तीन चमचे साखर पाण्यातून, पंधरा मिनिटांनी परत मोजा, मूल शुद्धीत नसेल तर तोंडात काही घालू नका. मावशींनी वहीत लिहून घेतलं. जाताना डॉक्टरांनी मुख्याध्यापकांना २०१७ चं सीबीएसईचं परिपत्रक दाखवलं, मधुमेही मुलांना परीक्षेत खाऊ आणि ग्लुकोमीटर जवळ ठेवू देण्याचं. आमची शाळा राज्य मंडळाची, पण "एवढं मोठं मंडळ परवानगी देतं तर आपणही देऊ शकतो" एवढं त्यांना पटलं.

आता ती सातवीत आहे. मावशींना तिच्याकडे बघूनच कळतं. परवा खो-खोच्या संघात निवड झाली.

रानजाई, तुम्ही विचारलंत काय करावं. तो एक तास. माझ्या मुलीचं बालपण त्या एका तासानं परत दिलं.

फळाखडू
इवलीपणती, तुमच्या लेकीला खूप आशीर्वाद. त्या मावशींनाही.

स्पष्टबोल
हे वाचून डोळ्यांत पाणी आलं. मी वर कडवट लिहिलं त्यावर ठाम आहे, पण असे डॉक्टर असतात हेही लिहायला हवं.

सह्याद्रीवारा
दप्तराच्या ओझ्याचं कुणीच बोललं नाही? मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त नको असा नियम आहे ना? माझ्या तिसरीतल्या मुलाचं वजन २३ किलो आणि दप्तर पाच किलो. डॉक्टरांनी तपासणीच्या दिवशी मुलांबरोबर दप्तरंही काट्यावर ठेवावीत.

फळाखडू
सह्याद्रीवारा, आमच्याकडे दप्तरं हलकी असतात, पण काटा मागवला तर दोन वर्षं येत नाही. :) तुमची सूचना मात्र चांगली आहे.

अवांतरात अवांतर, पण महत्त्वाचं. वजन-उंची सगळ्यांसमोर मोठ्यानं ओरडून सांगू नका. माझ्या वर्गातली एक मुलगी "पन्नास!" असं कुणीतरी ओरडल्यानंतर पंधरा दिवस डबा परत न्यायला लागली. आडोसा करा, आकडा वहीत लिहा, तोंडानं काही बोलू नका. सातवी-आठवीच्या मुलींना तपासायला स्त्री डॉक्टर किंवा नर्स हवीच.

निवृत्त_पीएसएम
फळाखडूबाईंशी शंभर टक्के सहमत. हे पाठ्यपुस्तकात मोठ्या अक्षरांत छापायला हवं.

वैनगंगा
गडचिरोलीतून लिहितोय, आश्रमशाळेत शिक्षक. आमच्याकडचा प्रश्न वेगळा आहे, म्हणून सांगतो.

आठवीत एक मुलगा होता. थंडीत सकाळी कवायतीला उभा राहायचा नाही. हातपाय दुखतात म्हणायचा. कामचुकार म्हणून त्याला मैदानाला फेऱ्या मारायला लावायचे, आणि त्यात मीही होतो. एका डिसेंबरात फेऱ्यांनंतर तो कोसळला, तीन दिवस वेदनेनं ओरडत होता. सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार निघाला. थंडी, पाणी कमी पिणं, अतिश्रम, यातलं प्रत्येक कारण आम्ही त्याला रोज पुरवत होतो. शिक्षा करणं शिक्षण हक्क कायद्यानं बंद आहे हे मला माहीत होतं. हे शिक्षेइतकंच आहे, हे माहीत नव्हतं.

आता १ जुलै २०२३ पासून राष्ट्रीय मोहीम आहे, मुलांचं रक्त तपासलं जातं, आमच्याकडेही पथक आलं. पण रक्ताचा अहवाल फायलीत असतो आणि मूल मैदानात असतं. जिल्ह्याहून एक बालरोगतज्ज्ञ आले होते, त्यांनी एक साधी गोष्ट केली. सिकलसेल असलेल्या मुलांची यादी घेऊन वसतिगृह अधीक्षक, स्वयंपाकी आणि आम्हा शिक्षकांना अर्धा तास बसवलं. अंघोळीला कोमट पाणी, उशाशी पाण्याची बाटली, ताप आला की त्याच दिवशी दवाखाना, हायड्रॉक्सीयुरियाची गोळी चुकवायची नाही. ती यादी आता अधीक्षकांच्या खोलीत, कपाटाच्या आतल्या बाजूला लावली आहे. दारावर नाही. मुलांना कुणी चिडवू नये म्हणून.

तो मुलगा आता बारावीत आहे. मी त्याची माफी मागितली आहे.

रात्रपाळी
वैनगंगा सर, हे मी आमच्या विभागात वाचून दाखवणार आहे. तुमची परवानगी असेल तर.

वैनगंगा
जरूर.

मुंबईची_आई
फक्त आजारांचं बोलणं चाललंय, म्हणून. माझ्या मुलाला वाचताना अक्षरं उलटी दिसायची. चौथीपर्यंत 'आळशी' होता. एका डॉक्टरांनी अध्ययन अक्षमतेच्या चाचणीसाठी सायनच्या महापालिका रुग्णालयात पाठवलं, तिथं निदान झालं. महाराष्ट्रानं १९९६ पासून अशा मुलांना परीक्षेत सवलती दिल्या आहेत, जास्तीचा वेळ वगैरे. पण हे ना शाळेनं सांगितलं ना आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी, जे त्याला जन्मापासून बघत होते. ते दर वेळी वजन बघायचे, लस द्यायचे. एकदा जरी "शाळेत कसं चाललंय?" विचारलं असतं तर तीन वर्षं वाचली असती. शाळेत जाणं राहू द्या, दवाखान्यात तेवढा एक प्रश्न विचारा.

रानजाई
दहा दिवसांनी परत येते आहे. सगळं दोनदा वाचलं, काही वहीत उतरवलं.

आधी तो मुलगा. सोमवारी शाळेत गेले आणि कारकुनांच्या शेजारी बसून ४२० कार्डं चाळली. दोन तासांत प्रश्नचिन्ह सापडलं. आई-वडिलांना दवाखान्यात बोलावलं, शांत खोलीत पंधरा मिनिटं ऐकलं, बसवून, झोपवून. तरीही साताऱ्याला इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करून घेतला. हृदय उत्तम आहे. या वयात कित्येक निरोगी मुलांत असा निरुपद्रवी आवाज ऐकू येतो. त्याच्या वडिलांनी तिथंच रुमाल काढून डोळे पुसले.

मग फळाखडूबाईंचं ऐकलं. शाळेतल्या चौदा शिक्षिकांबरोबर बसले आणि तोच प्रश्न विचारला, "तुम्हाला कुणाची काळजी वाटते?" पहिल्या पाच मिनिटांत कुणी बोललं नाही. मग तिसरीच्या बाई म्हणाल्या, एक मुलगी आहे, मध्येच बघत राहते. हाक मारली तरी ऐकत नाही, आणि पुढच्या क्षणी लिहायला लागते. दिवसातून बऱ्याच वेळा. घरचे म्हणतात विचारात असते. त्या शनिवारी मी याच मुलीच्या कार्डावर सगळीकडे 'नॉर्मल' लिहिलं होतं.

तिला आईबरोबर बोलावलं. हातात कागदी भिरभिरं दिलं, म्हटलं थांबू नको, फुंकत राहा. दोन मिनिटं होत आली आणि भिरभिरं थांबलं. नजर स्थिर, पापण्या फडफडत होत्या, दहा-बारा सेकंद. मग ती परत फुंकायला लागली, जणू काही झालंच नाही. तिची आई माझ्याकडे बघत राहिली. ईईजीमध्येही, म्हणजे मेंदूच्या आलेखातही, तेच दिसलं, अपस्माराचा एक प्रकार. औषध सुरू केलंय. बाई आता फिटांची नोंद ठेवतात, वहीच्या मागच्या पानावर काड्या मारून. परवा त्यांनी फोन केला: सोमवारी नऊ, शुक्रवारी दोन.

शिक्षिकांनी एकूण ३१ नावं दिली. निवृत्त_पीएसएम सरांच्या सांगण्याप्रमाणे येत्या दोन शनिवारी फक्त ती मुलं बघणार आहे, एकेकाला पंधरा मिनिटं, पालक सोबत. न्यूजर्सीकरांची एका पानाची दम्याची योजना मराठीत लिहिली आहे, इथं टाकते म्हणजे शिक्षकांनी भाषा तपासून द्यावी. शाळेला सांगितलंय की सूचनाफलकावरून माझं नाव काढा, आणि चिठ्ठ्यांवर दवाखान्याचा नंबर नसेल. पालकांनी हवं तिथं दाखवावं. स्पष्टबोल, हे तुमच्यामुळे.

एक अडचण आहे. शाळेनं ग्रंथालयाची खोली दिली, ती भिंत ते भिंत साडेचार मीटर आहे. सहा मीटरचा डोळ्यांचा तक्ता तिथं चालणार नाही आणि व्हरांड्यात मुलांची ये-जा असते. तीन मीटरचा, 'ई' अक्षराचा तक्ता कुणाकडे आहे का?

फिरतं_पथक
आमच्याकडे एक जास्तीचा आहे. गुरुवारी गाडी तुमच्याच बाजूला येतेय, दवाखान्यात देऊन जातो. आणि मॅडम, येताना तीन चिठ्ठ्या पण आणतो. एक कानाची आहे, मुलगा दुसरीत, चार महिने झाले, घरचे कुठेच गेलेले नाहीत.

रानजाई
आणा. गुरुवारी दुपारी दोननंतर मी मोकळी आहे. मुलाच्या आईला सोबत आणता आलं तर बघा, एसटीचं मी बघते.